वृंदावनातला नेचा

खोलीच्या दाराबाहेरचा नळ गळतो, अशी तक्रार घेऊन मी काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "तो गळत नाही. तो पाणी घालतो."

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर काकू राहतात. एकट्याच. मागच्या बाजूची एक खोली भाड्याने देतात. मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले, कॉम्प्युटरची नोकरी, अर्धा आठवडा घरूनच काम, आणि ती खोली मला मिळाली. अजून सामानही पुरतं सोडलं नव्हतं तोच हा नळ. मी म्हटलं, काकू, नुसता वॉशर बदलला की होईल, मीच आणते न. तर त्यांनी माझं मनगट धरून मला बाहेर नेलं आणि नळाखाली वाकून पाहायला लावलं. थेंब जिथे पडत होता बरोब्बर तिथे, भिंतीच्या फटीतून, काळ्याभोर तारांसारख्या देठांचा आणि कोथिंबिरीसारख्या पानांचा एक झुबका बाहेर आला होता. हा हंसराज, नेच्याचीच एक जात, त्यांनी सांगितलं. हा इथे तुझ्या आधीपासून राहतो, तेव्हा आवाज सहन होत नसेल तर खोली तू बदल. अशी आमची ओळख झाली, बाप्पा! मी गुपचूप आत गेले आणि कानात हेडफोन घातले.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी बोळ पाहिला आणि वेडीच झाले. काकूंची इमारत आणि शेजारची इमारत यांच्यामध्ये हा बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं, एवढीच रुंदी. अशा बोळात एरवी काय असतं? मोडकी सायकल, फुटकी बेसिनं आणि वरच्या मजल्यांवरून पडलेले मोजे. इथे नुसते नेचे होते. कुंडीत नेचे, भिंतीत नेचे, पाइपाच्या सांध्यात नेचे. काही कमरेएवढे उंच, काही झालरीसारखे लोंबणारे, आणि एक चांदीचा, त्याच्या पानाची पाठ हातावर दाबली की पांढराशुभ्र छाप उठतो! मी अकोल्याची हो. आमच्याकडे मार्च लागला की डोळ्यांना हिरवं म्हणून जे दिसतं ते कडुनिंबाचं, बाकी सगळं तांबूस. मी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, अवं माय, जंगलात खोली केली काय तू?

नेचा नाजूक असतो असं कोणी म्हटलं की काकूंना राग येतो. त्यांच्या मते नाजूक गुलाब. त्याला खत पाहिजे, ऊन पाहिजे, कौतुक पाहिजे. नेच्याला सावली आणि ओल द्या आणि त्याच्या वाटेला जाऊ नका, तो तुमच्या नातवंडांना पुरून उरतो. त्या जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखीच सांगतात, आणि मध्ये कोणी बोललं तर थांबून त्याच्याकडे पाहतात. मला त्या नावाने कधी हाक मारत नाहीत. 'अकोला' म्हणतात. "अकोला, चहा झालाय." उन्हात वाढलेली माणसं चटकन तापतात, असंही त्यांचं माझ्याबद्दल एक मत होतं, आणि ते त्यांनी मला माझ्या तोंडावर अनेकदा ऐकवलं.

अख्खं पुणं वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी अंगावर गळतं म्हणून भांडतं न? काकू त्याच पाण्यासाठी शेजाऱ्यांना विनंत्या करायच्या. तुमची नळी इकडे वळवा, ते पाणी मऊ असतं, नेच्यांना मानवतं. शेजारच्या इमारतीतले लोक हसायचे, पण नळ्या वळवायचे. रविवारी सकाळी त्या मला घेऊन कसब्यात फिरायला जायच्या, आणि लोक देवळं पाहतात तशा ह्या ओल्या भिंती पाहायच्या. एकदा एका घराच्या मोरीच्या पाइपाखाली सुरेख नेचा उगवलेला दिसला. काकूंनी सरळ कडी वाजवली. बनियनमधले एक गृहस्थ हातात वर्तमानपत्र घेऊन आले. काकूंनी सांगितलं, तुमचा पाइप गळतोय. ते म्हणाले, माहितीय, प्लंबरला सांगितलंय. "सांगू नका," काकू म्हणाल्या. गृहस्थांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी तिथे पांढराधोप नवा पाइप होता. काकूंनी भिंतीवर तळहात टेकवला, कोरडी, म्हणाल्या, आणि पर्समधून चमचा काढून तो सुकत चाललेला नेचा मुळासकट खरवडून घेतला. पर्समध्ये चमचा त्या कायम ठेवतात.

पण नेचा मागितला तर द्यायच्या नाहीत, हं. आधी घर पाहणार. मुलगी द्यायची तर घर बघतात की नाही, असं त्यांचं म्हणणं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी एक मागितला, तर काकू भर दुपारी जाऊन त्यांच्या बाकावर बसल्या. पेशंट येत होते, जात होते, काकू आपल्या ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहत बसलेल्या. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा यांनी निकाल सांगितला, तुमच्याकडे पश्चिमेची खिडकी आहे, मिळणार नाही. डॉक्टरही पुण्याचेच. त्यांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाले, आलाच आहात तर दात तरी दाखवून जा. काकूंची दाढ किडलेली निघाली. दाढ काढून आल्या, पण नेचा काही दिला नाही. मी मागितला तेव्हा तर घर पाहायचीही गरज नव्हती. तू उन्हाळी माणूस, त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या बोळाच्या तोंडाशी एक तुळशीवृंदावन होतं. दगडी, जुन्या पद्धतीचं, चारी बाजूंना कोनाडे. आणि त्यात तुळस नव्हती. नेचा होता! चांगला ऐसपैस, वृंदावनाच्या चारी अंगांनी खाली झुकलेला. काकू सकाळी अंघोळ करून त्यालाच पाणी घालायच्या, कोनाड्यात पणती ठेवायच्या. इमारतीतली पोरं दिवाळीनंतर मुद्दाम विचारायची, काकू, नेच्याचं लग्न कधी? काकू म्हणायच्या, त्याला फूल येत नाही, बी येत नाही, त्याला कशाला लग्न? पोरं खिदळत पळायची.

एकदा मीच विचारलं, काहून हो काकू, तुळस काहून नाही लावली? त्या दिवशी त्यांनी मला आत बसवून सांगितलं. लग्न होऊन त्या ह्या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी गावाकडून ते वृंदावन आणवून घेतलं होतं. तुळस लावायचं काम नव्या सुनेचं. काकूंनी लावली, ती मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. त्या बोळात ऊन यायचंच नाही, तुळस जगणार कशी? "ऊन नव्हतं म्हणून मेली," काकू म्हणाल्या. "पण उन्हाला कोण बोलणार? मला बोलले." सुनेचा हातच तसला, असं घरात ठरून गेलं. पुढे मूलबाळ झालं नाही तेव्हा त्यालाही ह्याच तुळशीचा दाखला दिला गेला. आणि एका वर्षी त्या रिकाम्या वृंदावनाच्या फटीतून आपला आपण हा नेचा आला. सासूबाई म्हणाल्या, उपटून टाक ते. काकू नाही म्हणाल्या. त्या घरात त्यांनी उच्चारलेला तो पहिला नकार. नवरा सज्जन होता, पण त्याला आवाज नव्हता, असं त्यांनी एका वाक्यात त्याचं सांगितलं. मी उठले आणि कधी नव्हे ते त्यांच्या बशा धुऊन ठेवल्या.

अशा त्या वृंदावनावर ऊन येणार, अशी बातमी आली. शेजारची इमारत पाडून नवी उंच बांधायचं ठरलं. सगळी पेठ त्या बोळात डोकावून काकूंचं अभिनंदन करत होती, आता काय बुवा, नवी उभी राहीपर्यंत तरी तुमच्या घरात उजेड येणार! काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, ओट्यावर रव्याचा डबा ठेवला, ही आपली इमारत. समोर पोह्यांचा डबा, ती त्यांची. मध्ये एक वाटी, म्हणजे वृंदावन. पोह्यांच्या मागे मला टॉर्च धरून उभं केलं, मी सूर्य. मग त्यांनी पोह्यांचा डबा उचलला आणि सगळा उजेड वाटीवर पडला. दुपारचं ऊन, थेट पश्चिमेचं, अख्खा उन्हाळा. काकू त्या वाटीकडे पाहत राहिल्या. मी टॉर्च बंद केला, मला ते पाहवलं नाही.

मग काकू लढल्या. शेजाऱ्यांच्या सभेत बोलावणं नसताना जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, पाडायची तर पाडा, पण पाऊसकाळ उलटल्यावर पाडा. कारण विचारलं, त्यांनी नेचे सांगितले, लोक हसले. इमारत पडली, ऐन मार्चच्या तोंडावर. मधल्या हद्दीवर बिल्डरने माणसाच्या उंचीचे पत्रे लावले. काकूंनी हिशोब केला, पत्रे दुप्पट उंच झाले तर ऊन अडतं. रोज सकाळी त्या साइटवर जायच्या आणि इंजिनिअरच्या समोरची खुर्ची अडवून बसायच्या. बोलायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. बिचाऱ्याला चहा पिता येईना न फोनवर कोणाला ओरडता येईना. शेवटी त्याने पत्रे उंच करून दिले. बोळात पुन्हा सावली! काकूंनी मला पेढा दिला. एकच. "भूगोल जिंकला," म्हणाल्या.

मी पेढा हातात धरून म्हटलं, काकू, टिन तापते न. टिनाच्या सावलीत उन्हापेक्षा जास्त भाजते माणूस. त्यांनी माझ्याकडे वर्गात पाहावं तसं पाहिलं. म्हणाल्या, ते तुमचं ऊन. आमच्याकडे ऊन मर्यादेत असतं.

एप्रिल लागला आणि त्या बोळाची भट्टी झाली. एकीकडे भिंत, दुसरीकडे तापलेला पत्रा, मध्ये वाऱ्याला वाट नाही. शेजारी गेले तसं एसीचं पाणीही गेलेलं. काकू भर दुपारी बादल्या ओतायच्या, त्याची वाफ व्हायची, आणि नेचे जणू शिजून राहिले होते. झालरी तपकिरी झाल्या. माझ्या नळाखालच्या हंसराजाच्या नुसत्या काळ्या तारा उरल्या. आणि वृंदावनातला नेचा एका आठवड्यात पार वाळून गेला, हात लावला की चुरा. पत्रे काकूंनीच उंच करून घेतले होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी मी दार उघडलं तर काकू पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. पदर डोक्यावर घेतलेला. मला पाहून उठल्या नाहीत. "ऊन मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी ते शिकवलं नुसतं. सगळा जन्म या बोळात गेला. तुला माहितीय. सांग, काय करू?"

काकू विचारताहेत, आणि मला! मी लॅपटॉप तसाच टाकला. म्हटलं, काकू, मांडव घालू. आमच्याकडे उन्हाळा लागला की अंगणात मांडव पडतोच, त्याच्याखालीच आम्ही लहानाचे मोठे झालो. लगेच बाबांना फोन लावला. बाबांचा आवाज असा काही खुलला, जशी काही घरातून वरात निघणार आहे. म्हणाले, पत्रा झाकायचा, पण त्याला काही चिकटवू नको, मधात हातभर हवा खेळली पाहिजे. वर बांबूच्या तट्ट्या, दाट नाही, विरळ. पत्र्याच्या बाजूने ओली गोणपाटं. पाणी पहाटे अन् दिवस बुडताना, दुपारी थेंबही नाही.

आम्ही दोघी रिक्षाने बुरूड आळीत गेलो. काकू तट्ट्यांची वीण सरकवून सरकवून पाहत होत्या, आणि मी त्यांना सांगत होते, ही नको, ती घ्या, आणि त्या "बरं" म्हणत होत्या. काकू मला बरं म्हणाल्या हे पेठेत कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं! मांडव उभा राहिला. साइटवरच्या त्याच इंजिनिअरने बांबू बांधायला दोन माणसं पाठवली, बहुधा खुर्चीच्या धाकाने. गोणपाटं भिजवली, त्यातून वारा फिरला आणि बोळात ओल्या पोत्यांचा वास सुटला. माझ्या अकोल्याचा वास, हो! मला आनंदाने नाचावंसं वाटलं, आणि नाचायला जागा नव्हती.

काकू मात्र वृंदावनाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात तो पर्समधला चमचा. याला काढून टाकते, म्हणाल्या, मेलेलं दाराशी ठेवू नये. मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच धरला. "आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं मेलेलंच दिसते, काकू," मी म्हटलं. "म्हणून कोणी उपटत नाही."

मग चमचा पर्समध्ये गेला. त्यानंतर रोज पहाटे त्या वाळक्या चुऱ्याला पाणी घालायच्या, पणती लावायच्या. जाणारे-येणारे पाहायचे आणि पुढे जायचे. मी खिडकीतून पाहायचे आणि मनात म्हणायचे, माय, मी बोलून तर बसली, आता तूच लाज राख.

मे उतरणीला लागला होता. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू, आणि दारावर थाप. मी खुणेने सांगितलं, मीटिंग आहे. काकू आत आल्या, चालू दे त्यांची, म्हणाल्या, आणि माझं मनगट धरून मला बाहेर नेलं, पहिल्या दिवशी नेलं होतं तसंच. वृंदावनाशी उकिडवं बसवलं. चुऱ्याच्या मधोमध, तपकिरी लव असलेली, करंगळीच्या पेराएवढी एक हिरवी गुंडाळी वर आली होती. बाळाची मूठ असते न, तश्शी. मी किंचाळलेच. धावत जाऊन लॅपटॉप उचलून आणला आणि सगळ्या टीमला ती गुंडाळी दाखवली. आमच्या मॅनेजरने विचारलं, गोगलगाय आहे का. काकू स्क्रीनकडे वाकून म्हणाल्या, "गोगलगाय तुम्ही." मग आत जाऊन त्यांनी मला अख्खी बशी भरून पेढे आणून दिले.

त्यानंतर त्या बिल्डरच्या बाजूच्या झाल्या. सगळी पेठ आवाजाने आणि धुळीने कावलेली, आणि ह्या साइटवर चहाची किटली नेऊन विचारायच्या, पुढचा स्लॅब कधी? एकेक मजला चढला तशी सावली परत आली. दिवाळीपर्यंत हंसराजही नळाखाली जाग्यावर बसला. मांडव मी काढू म्हटलं, तर त्यांनी काढू दिला नाही.

मग माझे आई-बाबा माझ्याकडे राहायला आले आणि मी बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, वरच्या मजल्यावर. निघताना काकूंनी, नळ बंद करू नकोस, एवढंच सांगितलं. मला फार वाईट वाटलं, उगाच खोटं काय बोलू.

गेल्या महिन्यात, ऐन दुपारी, बेल वाजली. दारात काकू. फोन नाही, काही नाही. आईने पाणी दिलं ते हातात घेऊन त्या थेट बाल्कनीत गेल्या आणि उन्हात तळहात धरला. "पश्चिम," म्हणाल्या. डॉक्टरांना सुनावलं असणार त्याच सुरात. मी म्हटलं, माहितीय काकू, मी कुठे मागितला? त्या वर छताकडे पाहत होत्या. इथे बांबू बसेल का, त्यांनी विचारलं. बसेल. तट्ट्या? बसतील. गोणपाट कोण भिजवणार? बाबा पुढे होऊन म्हणाले, मी आहे न.

काकूंनी पिशवीतून रव्याचा डबा काढला. तोच तो. त्यात ओल्या मातीत एक तुकडा होता, आणि त्याला दोन हिरव्या गुंडाळ्या.

"वृंदावनातला आहे," त्या म्हणाल्या. "मांडव होईपर्यंत मोरीत ठेव."

मला रडूच फुटलं. डबा तसाच छातीशी धरून मी रडत सुटले. काकूंनी डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला धरला.

"त्याच्यावर रडू नकोस. खारं पाणी चालत नाही त्याला."

मी डोळे पुसले. बाबा एव्हाना बाल्कनीची लांबी मोजू लागले होते.